राउटरनं हाक कधी मारावी?

१९८६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबातले ७५ सेंट जुळेनात. क्लिफर्ड स्टोल हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ तेव्हा संगणक विभागात नवा होता. नव्या माणसाच्या गळ्यात पडावं तसलं हे काम त्याच्या गळ्यात पडलं. त्या ७५ सेंटच्या मागे निघाला जर्मनीतल्या हॅनोव्हरमधून शिरणारा मार्कुस हेस. अमेरिकेचे लष्करी संगणक चाळायचे आणि हाती लागेल ते सोव्हिएत केजीबीला विकायचं, हा त्याचा धंदा. त्याची प्रत्येक कळ कागदावर उतरावी म्हणून स्टोलनं बाहेरून येणाऱ्या तारांवर प्रिंटर बसवले. नोंद चोख होऊ लागली, पण पाहुणा येऊन गेल्यावर ती वाचणं म्हणजे वरातीमागून घोडं. मग त्यानं संगणकालाच कामाला लावलं: चोरलेल्या खात्यातून कुणी आत आलं, की माझा पेजर वाजव.

घरातल्या, दुकानातल्या, ऑफिसातल्या राउटरमध्ये आज हेच दोन भाग आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यातला पहिलाच चालू असतो. राउटर लॉग लिहीत राहतो, सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखा: भरायचं रोज, उघडायचं चोरी झाल्यावर. त्यातही जागा तोकडी. लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर आपल्याकडे छोट्या इंटरनेट पुरवठादारांकडे आणि ऑफिसांत भरपूर दिसतात, म्हणून उदाहरण त्यांचंच घेतो. मूळ सेटिंगला लॉगच्या शेवटच्या १००० ओळी राहतात आणि त्या मेमरीत असतात. लाइट गेली की सगळं साफ.

नोंदी राउटरच्या बाहेर, दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची रीत जुनी आहे. तिचं नाव सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी ती १९८०च्या दशकात, योगायोगानं बर्कलीतच, सेंडमेल या टपाल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी काढली. पुढे राउटर, स्विच, प्रिंटर, सगळेच ती बोलू लागले. तिच्यात प्रत्येक नोंदीला ० ते ७ असा दर्जा असतो. ० म्हणजे यंत्रणा आडवी झाली, ७ म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यापुरती बडबड. हे दर्जे पाहिल्यावर कुणालाही सुचणारा पहिला उपाय असा, की वरच्या दर्जाची नोंद आली की मोबाइलवर कळव, बाकीचं राहू दे.

हा उपाय फसवा आहे. मायक्रोटिकच्या राउटरवर कुणी चुकीचा पासवर्ड टाकला, तर नोंदीवर ‘क्रिटिकल’चा शिक्का बसतो. बरोबर पासवर्ड टाकून कुणी आत आलं, तर ती साधी ‘इन्फो’. इंटरनेटची तार निसटली, ‘लिंक डाउन’ झालं, तीही ‘इन्फो’च. राउटरच्या बाजूनं पाहिलं तर यात गैर काही नाही. दार वाजवणाऱ्याला हाकललं ही त्याच्या लेखी घटना, किल्ली लावून आलेला माणूस घरचा. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. राउटरचं लॉगिन-पान बाहेरच्या जगाला उघडं असेल, तर चुकीचे पासवर्ड दिवसभर पडत राहतात; जगभरचे स्वयंचलित प्रोग्रॅम दुसरं करतात काय? (ते पान बाहेरून बंद करणं हा त्यावरचा खरा इलाज, सूचना लावणं नव्हे.) बातमी असते ती रात्री अडीचला झालेल्या यशस्वी लॉगिनची. २०१८ साली मायक्रोटिकच्या विनबॉक्स या सोयीतल्या एका छिद्रातून पासवर्डची फाइलच बाहेर काढता येत होती. कंपनीनं एप्रिलमध्ये दुरुस्ती दिली, पण ती न बसवलेले राउटर पुढे कित्येक महिने परक्यांच्या ताब्यात जात राहिले आणि त्यांच्या आडून क्रिप्टो-नाण्यांचं खोदकाम चाललं. चोर खऱ्या पासवर्डनं आत येतो, तेव्हा ‘क्रिटिकल’ची वाट पाहणाऱ्या माणसाचा फोन गप्प राहतो.

म्हणून दर्जा बाजूला ठेवावा आणि ओळ कुठली आहे ते पाहावं. माझी कसोटी साधी आहे: ही सूचना आल्यावर मी उठून काही करणार आहे का? ओळखीच्या पत्त्याबाहेरून लॉगिन झालं, तर करणार. फायरवॉलचा नियम बदलला आणि तो मी बदललेला नाही, तर नक्कीच करणार. वाय-फायवर शेजारच्या टेबलावरचा फोन आला आणि गेला, यात मला करण्यासारखं काही नाही. ती ओळ लॉगमध्येच बरी. ‘योग्य रीतीनं बंद न होता राउटर पुन्हा सुरू झाला, बहुधा वीज गेली’ अशीही एक ओळ येते. शहरात ती कधीमधी दिसते. तालुक्याच्या गावी पावसाळ्यात ती इतक्यांदा येईल, की तिच्यावर सूचना लावण्यापेक्षा तिची साप्ताहिक मोजणी मागवावी आणि इन्व्हर्टरकडे बघावं.

सगळ्यात दुर्लक्षित ओळ मात्र वेगळीच. अनेक ऑफिसांत दोन जोडण्या असतात: एक फायबर आणि अडीअडचणीला एखादं मोबाइल सिम. फायबर तुटलं की राउटर निमूट सिमवर जातो. काम थांबत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. कळतं ते सिमचा डेटा संपल्यावर, आणि तेव्हा दोन्ही गेलेलं असतं. पर्याय उत्तम चालला, याचीच सूचना हवी.

ती लावताना थोडा धीर धरावा. सैल जोडणी मिनिटात दहा वेळा जाते-येते, आणि प्रत्येक खेपेला फोन वाजला तर संध्याकाळपर्यंत माणूस त्या सूचनांचा आवाज बंद करतो. दोन मिनिटं सलग बंद राहिली तरच कळव, असं सांगावं. आवाज बंद करण्याची किंमत फार मोठ्या माणसांनीही मोजली आहे. २०१३च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकान-साखळीत घुसखोरी झाली आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. नव्या सुरक्षा यंत्रणेनं इशारा दिला होता. तो कंपनीच्या बेंगळुरूच्या पथकानं पाहिला आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही. तिथे तो रोजच्या ढिगातलाच एक ठरला.

सूचना कुठे पाठवायची, हा भाग त्यामानानं सोपा. टेलिग्रामवर बॉट उघडायला पाच मिनिटं लागतात; त्याचा टोकन आणि आपल्या गटाचा क्रमांक राउटरच्या स्क्रिप्टमध्ये घातला, की काम झालं. आपलं सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपवर असलं, तरी त्याच्या अधिकृत वाटेला खातं, पडताळणी, संदेशांचे मंजूर साचे असा बराच व्याप आहे. ईमेलही चालतो, मात्र गुगलनं ३० मे २०२२पासून नुसत्या पासवर्डनं पत्रं पाठवू देणं थांबवलं. आता वेगळा अ‍ॅप-पासवर्ड काढावा लागतो. त्या दिवसानंतर कितीतरी जुन्या राउटरांची पत्रं बंद झाली असणार, आणि पत्र आलं नाही म्हणजे सगळं ठीक, अशा समजुतीत मालक राहिले असणार.

खरी गोम इथेच आहे. इंटरनेट पूर्ण गेल्याची बातमी राउटर इंटरनेटवरून देऊ शकत नाही. वीज गेली, यंत्र जळालं, तर तो लॉगही लिहीत नाही. सिसलॉगचे निरोपसुद्धा मुळात यूडीपी या पद्धतीनं, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. त्यात पोच नाही, वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही. म्हणून एक हाक उलट्या दिशेनं बांधावी लागते. राउटरनं दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘आहे’ एवढंच कळवायचं. सलग दोन-तीन वेळा कळवलं नाही, तर ती सेवा आपल्याला उठवते. हेल्थचेक्ससारख्या मुक्तस्रोत सेवा एवढंच काम करतात. सगळी खटपट नको असेल आणि एकच गोष्ट लावायची असेल, तर मी हीच लावीन.

मागाहून चौकशीला उपयोगी पडावा यासाठी लॉगची वेळ बरोबर हवी. स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज येताच ते स्वतःला १९७० सालात समजतात आणि तीच तारीख ओळींवर मारतात. त्यामुळे एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची, जोडणी आधी करावी. कंपन्यांना तर यात निवड नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे.

सगळं लावून झालं की एखाद्या शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं असताना, फायबरची तार स्वतः काढावी. मग सिमही काढावं. कुणाचा फोन किती मिनिटांनी वाजतो ते बघावं, आणि ज्याचा वाजतो तो गणपतीला गावी गेल्यावर दुसऱ्या कुणाचा वाजणार, ते त्याच दिवशी ठरवून त्याचा क्रमांक गटात घालावा.