कोर्टाची पायरी : फी वादीची, हरकत प्रतिवादीची

कळमनुरीहून एक पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

बहिणीने वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीचा दावा लावला. वादपत्रात मागणीच्या थोडे वर मूल्यांकनाचा परिच्छेद असतो. त्यात लिहिले आहे, वादी महिला असल्याने कोर्ट फी माफ. प्रतिवादी भाऊ विचारतात, 'मी हरकत घेतली आणि कोर्टाने ती फेटाळली, तर हायकोर्टात जाता येईल का?'

हरकत जरूर घेता येते. लेखी कैफियतीत तसे म्हणा, नाहीतर स्वतंत्र अर्ज द्या. राज्याच्या 1959 च्या कोर्ट फी कायद्याचे कलम 8 सांगते की मूल्यांकन चुकल्याचे कोर्टाला वाटले किंवा तसा अर्ज आला, तर कोर्टाने योग्य मूल्य ठरवावे. गरज पडली तर चौकशीही करावी. फी कमी निघाली तरी दावा लगेच बाद होत नाही. आधी वादीला ती भरायला मुदत मिळते.

निकाल विरुद्ध गेला, तर मात्र केवळ फीसाठी वर जाता येत नाही. रत्नवर्मराज विरुद्ध विमला या खटल्यात 1961 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून टाकले. कोर्ट फी हा सरकारचा महसूल आहे. दावा अडवून धरायला प्रतिवादीच्या हाती दिलेले ते हत्यार नव्हे, असा त्या निकालाचा आशय. मला तो दिवाणी कायद्यातला अतिशय न्याय्य निकाल वाटतो. फी कमी भरली म्हणून प्रतिवादीच्या खिशातून काय जाते? उलट जास्त फी भरायला लावली आणि दावा हरला, तर खर्चाच्या हुकुमात तीच रक्कम त्याच्या अंगावर येऊ शकते. हे लक्षात न घेता फीवरून वर्ष-वर्ष तारखा घेणारे प्रतिवादी मी पाहिले आहेत. वादीचे तसे नाही. भलतीच फी मागितली तर भुर्दंड त्याला पडतो आणि ती न भरल्याने वादपत्र नामंजूर झाले तर तो हुकूमनामाच ठरतो, त्यावर अपील होते.

एक खिडकी प्रतिवादीलाही आहे. मूल्य बदलल्याने दावा त्या कोर्टाच्या अधिकाराबाहेर जात असेल, तर प्रश्न फीचा उरत नाही, अधिकारक्षेत्राचा होतो. शमशेर सिंग विरुद्ध राजिंदर प्रसाद या 1973 च्या निकालाने 1961 चा निर्णय असाच वाचला. पण ही हरकत पहिल्या संधीलाच घ्यावी लागते. शेतजमिनीच्या दाव्यात मूल्य बहुधा बाजारभावावर नव्हे, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या ठरावीक पटीवर निघते. त्यामुळे भावाला लाखोंची वाटणारी जमीन कोर्टाच्या हिशेबात फार लहान दिसते आणि ही खिडकी क्वचितच उघडते.

आता बहिणीची माफी. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांची कोर्ट फी माफ केली. पण 2000 मध्ये मालमत्तेच्या वादांची माफी वैवाहिक बाबींतून उद्भवणाऱ्या वादांपुरतीच मर्यादित झाली. बहीण-भावांतला वाटणीचा दावा त्यात बसत नाही. म्हणजे तिच्या वाक्याला आज त्या अधिसूचनेचा आधार नाही. उरलेल्या प्रकरणांत मात्र माफी आहे, तरी तालुक्याच्या गावी कित्येक बायका फीच्या धास्तीने अजून वकिलाकडे जात नाहीत, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा कळमनुरीकर, फीची हरकत घ्या, पण ती फेटाळली गेली तर फीचा मुद्दा सोडा आणि बहिणीच्या हिश्श्याबद्दल कैफियतीत जे खरोखर म्हणायचे असेल ते मुदतीत दाखल करा.