ओळीमागून ओळ चाळणारा ग्रेप

अमेरिकेची राज्यघटना लोकांनी मान्य करावी म्हणून १७८७-८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावाने ८५ लेख लिहिले. त्यांतले बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद फार काळ चालला. १९६४ मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी लेखांतले शब्द मोजून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. दोघांची शैली मिळतीजुळती होती, पण हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहायचा, तर मॅडिसन ‘व्हिल्स्ट’. माग लागला तो अशा किरकोळ शब्दांवरून.

पुढे न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये ली मॅकमॅहन यांना हेच लेख संगणकावर तपासायचे होते. मजकूर भरला सुमारे एक मेगाबाइट. त्या काळच्या पीडीपी-११ यंत्रावर ‘एड’ नावाच्या मजकूर-संपादक प्रोग्राममध्ये एवढी फाइल उघडणेच अशक्य होते. युनिक्स या संगणकप्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ‘एड’मधला शोधाचा भाग सोडवून घेतला आणि त्याचा स्वतंत्र प्रोग्राम केला. फाइल पूर्ण उघडायचीच नाही. एक ओळ वाचायची, नमुना जुळला तर ती छापायची आणि पुढे सरकायचे. ‘एड’मध्ये हेच काम करणाऱ्या आज्ञेची अक्षरे जोडून त्याचे नाव पडले ‘ग्रेप’.

ही हकिगत थॉम्प्सन यांचे बेल लॅब्समधले सहकारी ब्रायन कर्निघन सांगतात. दुसरी आठवण तिथलेच डग मॅकिलरॉय यांच्या मागणीची आहे. असा प्रोग्राम हवा, असे त्यांनी सुचवले तेव्हा थॉम्प्सन म्हणाले, ‘रात्रभर विचार करतो.’ खरे तर तसा प्रोग्राम त्यांनी स्वतःपुरता आधीच लिहून ठेवला होता. तासाभरात तो नीटनेटका करून दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढे ठेवला. युनिक्सच्या १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ग्रेप दाखल झाला आणि आजही लिनक्स व मॅकच्या टर्मिनलमध्ये तो हाताशी असतो.

नुसता शब्द तर कोणताही संपादक शोधून देतो. ग्रेपची खरी ताकद नमुन्यात, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आहे. ^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट, टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. * ही खूण गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची. तिच्या आधी जे असेल ते शून्य किंवा कितीही वेळा आले तरी चालते. कुणी ‘हिंदी’ लिहितो, कुणी ‘हिन्दी’. ग्रेपची विस्तारित खूणपद्धत वापरून हि(ं|न्)दी असा नमुना दिला, की दोन्ही सापडतात. एका पर्यायाने तो फोल्डरच्या पोटातले सगळे फोल्डर धुंडाळतो, दुसऱ्याने ओळीचा क्रमांक देतो, तिसऱ्याने न जुळणाऱ्या ओळी दाखवतो. मोजायला सांगितले तर मात्र तो ओळी मोजतो, शब्द नव्हे. एका ओळीत शब्द तीनदा आला तरी त्याच्या हिशेबी एकच.

हे सगळे वेगाने होते, त्यामागे दोन युक्त्या आहेत. पहिली थॉम्प्सन यांचीच, १९६८ च्या शोधनिबंधातली. नमुना जुळण्याच्या जितक्या शक्यता असतील, त्या सगळ्या एकदम धरून मजकूर पुढे वाचत जायचा. एक वाट चुकली म्हणून मागे फिरून दुसरी चाचपायची गरजच उरत नाही. अशी मागेपुढे करणारी शोधयंत्रे आजही सर्रास वापरात आहेत आणि ती कधीकधी भलतीच अडकतात. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या सुरक्षा-नियमांत असाच एक नमुना घातला. तो तपासताना जगभरचे तिचे प्रोसेसर थकले आणि असंख्य संकेतस्थळे सुमारे अर्धा तास बंद पडली.

दुसरी युक्ती बॉयर आणि मूर यांची, १९७७ ची. दहा अक्षरी शब्द शोधताना पहिले अक्षर पाहायचेच नाही, थेट दहावे पाहायचे. तिथले अक्षर शब्दात कुठेच नसेल, तर दहाच्या दहा अक्षरे ओलांडून पुढे जायचे. माइक हेर्टेल यांनी ‘ग्नू ग्रेप’ या ग्रेपच्या मुक्त आवृत्तीत ही युक्ती वापरली, शिवाय जुळणी सापडेपर्यंत मजकुराच्या ओळी पाडायचेही टाळले. प्रोग्राम वेगवान करायचा तर त्याला कमीत कमी काम द्यावे, हे त्यांचे सूत्र. २०१६ मध्ये अँड्र्यू गॅलंट यांनी लिहिलेला ‘रिपग्रेप’ प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांना एकाच वेळी कामाला लावतो आणि नको त्या फाइलींकडे फिरकतही नाही. प्रोग्राम लिहिण्याच्या व्हीएस कोड या संपादकात सगळ्या फाइलींत शोध घेतला जातो, तेव्हा आत हाच राबत असतो.

मराठी मजकुरापुढे मात्र या कुटुंबाची परीक्षा होते. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोड या अक्षरसंकेतात काना आणि वेलांटी वेगळ्या धरून ती पाच चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ या त्याच्या साठवणपद्धतीत पंधरा बाइट. त्यामुळे नमुन्यातले टिंब ‘ठी’वर पडले, तर फक्त ‘ठ’ हाती लागतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. ‘ॲ’चेही तसेच, तो एकच चिन्ह असू शकतो किंवा अ आणि त्यावरची चंद्रखूण अशी जोडी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला ते वेगळे शब्द वाटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर तर आतून रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतो. त्यात देवनागरी शब्द सापडणार कुठून? वर्डची किंवा पीडीएफची फाइलही आत दाबून बसवलेली असते, तिचा आधी साधा मजकूर करून घ्यावा लागतो.

म्हणून मराठी लेखनाचा संग्रह चाळताना ग्रेपने काहीच दाखवले नाही, तर शब्द तिथे नाहीच असे धरून चालू नये. आधी फाइल युनिकोडमध्ये आहे का ते पाहावे. मग ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ यांची दोन्ही रूपे एकाच नमुन्यात देऊन शोध पुन्हा चालवावा.