नाक्यावर मोजलेला गॅस

गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतलं शेवटचं स्टेशन होतं. ब्रागांझा घाटातून कुळ्याकडे ये-जा करणारा माल इथे कस्टम्सच्या नजरेखालून जाई. नाका ओलांडल्यावर त्या मालाचं काय होतं, हे बघणं नाक्याचं काम नव्हतं. आज देशातला थंडाव्याचा धंदा नेमका असाच चालतो. यंत्राची तपासणी बाजारात येण्यापूर्वी होते, गॅसची मोजदाद बंदरावर आणि कारखान्यात होते. पुढे दोन्ही मिस्त्रीच्या हाती पडतात आणि तिथून सरकारचं लक्ष सुटतं. या व्यवस्थेची खरी उणीव इथे आहे.

वरच्या मजल्यावर व्यवस्था भक्कम आहे, किंबहुना जरा जास्तच गजबजलेली. एसीवरचे तारे ऊर्जा मंत्रालयाखालचा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी देतो आणि ते 2010 पासून सक्तीचे आहेत. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे गॅसचा हिशेब पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन सेल ठेवतो. त्यासाठीचे नियम 2000 सालचे. दाबाखालच्या सिलिंडरची जबाबदारी नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाकडे. दुरुस्ती शिकवणारा आयटीआयचा अभ्यासक्रम कौशल्य मंत्रालयाचा. चार खात्यांत वाटलेल्या या कारभारात राज्य सरकारच्या वाट्याला जवळजवळ आयटीआयच्या इमारतीच येतात.

आता दुरुस्ती जवळून बघू. आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. नियमाने काम करायचं तर आधी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, जोड ब्रेझिंग करून पक्का करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, आणि मग काट्यावर तोलून गॅस भरायचा. यात अर्धा दिवस सहज जातो आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते फक्त ‘गॅस भरल्याचे’. म्हणून बऱ्याचदा जुना गॅस हवेत सोडला जातो, पंपाऐवजी थोडा नवा गॅस फुंकून नळी साफ केली जाते आणि गेजचा काटा बघून अंदाजाने भरणा होतो. गळती तशीच राहते. पाच ताऱ्यांचं यंत्र अशा दुरुस्तीनंतर पाच ताऱ्यांचं राहत नाही, पण स्टिकर मात्र कोणी काढत नाही. हवेत गेलेला एक किलो आर-22 हा सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो; नव्या आर-32 चा आकडा 675 च्या आसपास आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की नाक्यावरच्या याच बंदोबस्ताने ओझोनचा थर पोखरणारे सीएफसी गॅस हद्दपार केले, मग आणखी सोपस्कार कशाला? खरं आहे, पण सीएफसी मुळातच बंद करायचे होते. कारखान्याचा नळ बंद केला की काम झालं. आर-32 सारख्या आजच्या एचएफसी गॅसचं तसं नाही. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताचा त्यांचा वापर 2028 ला गोठेल आणि 85 टक्के कपात 2047 मध्ये पूर्ण होईल. म्हणजे दोन दशकं हे गॅस घराघरांत असणार आणि ते मिस्त्रीच सांभाळणार. शिवाय नवे गॅस पेट घेऊ शकतात. गोदरेजने 2012 मध्ये शिरवळच्या कारखान्यातून आर-290 वर, म्हणजे चक्क प्रोपेनवर, चालणारे एसी आणले, तेव्हा मिस्त्र्यांना वेगळं प्रशिक्षण द्यावंच लागलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परवाना आला की इन्स्पेक्टर आला, आणि हातावर पोट असलेल्यांचा धंदा बुडाला. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2019 च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनने एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य ठेवलं, पण प्रमाणपत्र नसलेल्याला कामापासून रोखलं नाही; मग दोन दिवसांची रोजी बुडवून वर्गात बसायचं कोणी? वायरमनला मात्र आपण परवाना मागतोच, आणि त्यामुळे वायरमन नाहीसे झालेले नाहीत. अमेरिकेत तर मिस्त्रीच्या मागे फिरण्यापेक्षा विक्रीवरच बंधन घातलं आहे: बहुतेक गॅस प्रमाणित तंत्रज्ञालाच विकत मिळतो. आपल्याकडेही इन्स्पेक्टर गल्लोगल्ली धाडायची गरज नाही. पहिली काही वर्षं प्रशिक्षण फुकट द्यावं, बुडालेल्या रोजीची भरपाई द्यावी, आणि त्यानंतर सिलिंडर विकणाऱ्याला बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायला लावावा. नळी कुठे फुटली हे नाक्यावरून दिसत नसलं, तरी सिलिंडर कोणी नेला हे दुकानदाराला माहीत असतं.