मवाळ इशारा

पुण्यांत मुख्य कार्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ सालीं झाली. या संस्थेनें 'बॉस' नांवाची भारतीय लिनक्स-प्रणाली तयार केली असून तिचा पाया १९९३ सालीं आरंभ झालेल्या डेबियनचा आहे. दोहोंतही नव्या आज्ञावली आणण्याचें काम 'एप्ट' हा कारभारी पाहतो. तो प्रथम दूरच्या भांडारांतून यादी आणतो आणि तिच्या आधारें पुढें माल उतरवून घेतो. कांहीं बिघडल्यास ओळीच्या आरंभीं 'ई' किंवा 'डब्ल्यू' हें अक्षर उमटतें. 'ई' म्हणजे चूक; 'डब्ल्यू' म्हणजे नुसता इशारा.

येथेंच सुशिक्षित मनुष्यही फसतो. यादी मिळाली नाहीं, तर एप्ट पुष्कळदां इशारा देऊन जुन्याच यादीवर समाधान मानतो. मग "नवें कांहीं नाहीं" असें उत्तर येतें, घरधनी निश्चिंत होतो, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने घरांत येतच नाहींत. काम अडविणाऱ्या चुकेपेक्षां हा मवाळ इशारा अधिक घातक!

चुकांचीं कारणें कित्येकदां अगदीं साधीं असतात. समजा, सदाशिव पेठेंतील एका घरीं जुना संगणक वर्षभर झांकून ठेवला होता. आंतील चिमुकली बॅटरी संपली आणि घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलें. यादीवर तारीख असते. मागासलेल्या घड्याळाला ती भविष्यांतील वाटते, म्हणून "अद्याप वैध नाहीं" असें सांगून एप्ट ती नाकारतो. बिचाऱ्या इंटरनेटवाल्यास मात्र फुकट बोल बसतो! घड्याळ लावलें कीं काम झालें.

"कुलूप मिळालें नाहीं" असें दिसल्यास दुसरी आज्ञावली तेंच काम करीत आहे, असें समजून थांबावें. कुलुपाची फाईल पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अविचाराचा आहे. वीज जाऊन काम अर्धवट राहिलें असेल, तर कोणती आज्ञा द्यावी हें संगणकच छापून दाखवितो.

सहीचा इशारा मात्र गंभीरपणें घ्यावा. प्रत्येक यादीवर भांडारवाल्याची सही असते व ती पडताळण्यास त्याची किल्ली लागते. किल्ली नसल्याचा इशारा बहुधा स्वतः जोडलेल्या बाहेरच्या भांडाराविषयीं असतो. ती त्याच्या मूळ स्थळावरूनच आणावी; न मिळाल्यास तें भांडार काढून टाकावें. पडताळणीच बंद करणें म्हणजे मोहोर फुटलेली थैली न मोजतां ताब्यांत घेणें होय. दुरुस्तीनंतर यादी पुन्हा मागवावी, आणि एकही 'डब्ल्यू' उरला नाहीं हें पाहूनच माल उतरवून घ्यावा.