काट्यांचा मुकुट ओळखायचा कसा?

अंदमानात नेमणूक असताना नील बेटावर, म्हणजे आजच्या शहीद द्वीपावर, आम्ही पोहायला उतरलो. "तारामाशाला पाच भुजा असतात, तो काही करत नाही," असं मीच जवानांना सांगितलं होतं. एकानं तोल सावरायला प्रवाळावर हात टेकला आणि तळहातात तीन काटे मोडले. रात्रभर वेदना, सूज, उलट्या. चूक त्याची नव्हती, माझ्या अर्धवट माहितीची होती. म्हणून हा भाग.

तो होता काटेरी मुकुटाचा तारामासा, शास्त्रीय नाव अकँथास्टर प्लॅन्सी. लिनियसनं 1758 साली त्याची नोंद केली.

ओळखीची पहिली खूण भुजांची. त्या पाच नसतात. मोठ्या प्राण्याला बहुधा दहाहून जास्त, कधी वीसच्या आसपास. दुसरी खूण काट्यांची. वरची सगळी बाजू चार-पाच सेंटिमीटर लांब, टोकदार, विषारी काट्यांनी भरलेली. तिसरी आकाराची. मधली चकती रुंद, भुजा आखूड, एकूण रुंदी साधारण जेवणाच्या ताटाएवढी. रंगावर मात्र विसंबू नका, तो जागोजागी बदलतो.

गफलत कुठे होते? समुद्री साळिंदरालाही लांब काटे असतात, पण त्याला भुजा नसतात, तो गोल असतो. उशीसारखा फुगीर, पंचकोनी तारामासाही प्रवाळ खातो, पण त्याला असे लांब काटे नसतात.

प्राणी दिसला नाही तरी माग दिसतो. तो जठर तोंडाबाहेर काढून प्रवाळावर पसरतो, जिवंत पेशी तिथेच पचवतो आणि मागे पांढराशुभ्र सांगाडा उरतो. असा ताजा डाग दिसला, की शेजारच्या कपारीत बघा. दिवसा तो अनेकदा तिथेच दडलेला असतो. सगळंच पांढरं म्हणजे त्याचं काम, असंही नाही. पाणी तापलं की प्रवाळ विरंजित होतं, पण तेव्हा पारदर्शक पेशी काही काळ जिवंत असतात.

काटा लागलाच तर पाण्याबाहेर या, वर दिसणारे काटे काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टर गाठा. आणि दिसला म्हणून कापू नका. तुकड्यातून तो पुन्हा वाढू शकतो. फोटो काढा, जागा टिपा, वन खात्याला कळवा.

फौजेत शिकवतात, आधी ओळख, मग कारवाई. त्या दिवशी मी तेच विसरलो होतो.