यानांच्या आकड्यांतून ग्रहांची चित्रे

अवकाशयान ग्रहाचे छायाचित्र पाठवते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते आकडे पाठवते. कॅमेऱ्यातला संवेदक लक्षावधी बारीक चौकोनांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, विभागलेला असतो. कोणत्या पिक्सेलवर किती प्रकाश पडला हे एकेका संख्येने नोंदले जाते आणि त्या संख्या रेडिओ लहरींवरून पृथ्वीवर येतात. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा त्याच्या एका चित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० पिक्सेल होते. प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने सांगितलेली होती. एवढे एक चित्र पोचायला सुमारे आठ तास लागत. संगणकाने ते चित्र तयार करेपर्यंत धीर न धरवल्याने कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येक आकड्याला ठरावीक रंग देऊन खडूने चित्र रंगवले. अवकाशयानाच्या आकड्यांतून हाताने तयार झालेले मंगळाचे ते पहिले चित्र.

आज हे काम संगणकावर होते आणि ते करणारे सगळेच शास्त्रज्ञ नसतात. नोकरी, शिक्षण किंवा व्यवसाय सांभाळून ग्रहमोहिमांच्या आकड्यांतून चित्रे तयार करणाऱ्या हौशी लोकांची जगभर मोठी फळी आहे. त्यांची चित्रे नासा स्वतः प्रसिद्ध करते. पुस्तके, मासिके आणि संशोधनपत्रिकांतही ती छापली जातात. त्यासाठी वेधशाळा लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी असली की नांदेड किंवा लातूरच्या घरातूनही हे काम करता येते.

खुले झालेले संग्रह

हे शक्य झाले ते मोहिमांचा डेटा खुला झाल्यामुळे. बहुतेक मोहिमांत मूळ शास्त्रज्ञांच्या गटाला काही महिन्यांची मुदत मिळते आणि त्यानंतर सर्व डेटा सार्वजनिक संग्रहात जातो. नासाचा असा संग्रह ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ या नावाने ओळखला जातो. युरोपीय अवकाश संस्थेचाही स्वतंत्र संग्रह आहे. भारतीय मोहिमांचा डेटा बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील ‘इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटर’ सांभाळते. २००४ मध्ये स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या गाड्या मंगळावर उतरल्यावर एक पाऊल आणखी पुढे पडले. त्यांची कच्ची चित्रे हाती येताच जवळजवळ लगेच सर्वांसाठी ठेवली जाऊ लागली. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानानेही तोच मार्ग धरला. त्यामुळे एखादा हौशी अभ्यासक आणि मोहिमेतला शास्त्रज्ञ एकच चित्र एकाच दिवशी पाहू लागले.

गुरूभोवतीचे जूनो

हौशी लोकांवर सर्वांत जास्त भिस्त ठेवणारी मोहीम म्हणजे जूनो. ऑगस्ट २०११ मध्ये निघालेले हे यान जुलै २०१६ मध्ये गुरूभोवतीच्या कक्षेत पोचले. गुरूचे गुरुत्व, चुंबकीय क्षेत्र आणि अंतरंग अभ्यासणे हा त्याचा मुख्य हेतू. ‘जूनोकॅम’ हा दृश्य प्रकाशातला कॅमेरा त्यावर बसवला तो प्रामुख्याने सर्वसामान्य लोकांसाठी. चित्रांवर प्रक्रिया करणारा मोठा गट मोहिमेने नेमलाच नाही. कच्च्या चित्रफायली सर्वांसाठी ठेवल्या गेल्या आणि काम लोकांवर सोपवले गेले. सुरुवातीच्या काळात कोणत्या ढगांवर कॅमेरा रोखायचा याबद्दलही लोकांचे मत घेतले जाई.

या फायली उघडल्या की गुरू दिसत नाही. एकाखाली एक रचलेल्या करड्या पट्ट्या दिसतात. जूनो मिनिटाला सुमारे दोन वेळा स्वतःभोवती फिरते. त्या फिरण्याचाच उपयोग करून कॅमेरा १६४८ पिक्सेल रुंद आणि १२८ पिक्सेल उंच अशा पट्ट्या टिपतो: एक निळ्या फिल्टरमधून, एक हिरव्या, एक तांबड्या. मिथेन वायू ओळखण्यासाठी चौथा फिल्टर आहे. एका रंगाची पट्टी टिपून दुसऱ्या रंगाची टिपेपर्यंत यान वळलेले आणि पुढे सरकलेले असते; गुरूच्या अगदी जवळ त्याचा वेग ताशी दोन लाख किलोमीटरहून जास्त असतो. म्हणून पट्ट्या नुसत्या चिकटवून भागत नाही. प्रत्येक पट्टीच्या क्षणी यान कोठे होते आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता हे गणिताने काढावे लागते. जर्मनीतील गेराल्ड आइखश्टेट यांनी त्यासाठी स्वतःची आज्ञावली लिहिली. केव्हिन गिल, शॉन डोरान, ब्रायन स्विफ्ट आणि आइसलँडचे ब्यर्न योन्सन यांनीही आपापल्या पद्धती बसवल्या. वर्तमानपत्रांत छापून आलेली गुरूच्या निळसर, भोवऱ्यांनी भरलेल्या ढगांची बरीच चित्रे याच लोकांची आहेत. २९ सप्टेंबर २०२२ रोजी जूनो युरोपा या उपग्रहापासून सुमारे ३५२ किलोमीटरवरून गेले. त्यानंतर नासाने प्रसिद्ध केलेल्या चित्रांत योन्सन यांच्याबरोबर फर्नांडो गार्सिया नवारो आणि नवनीत कृष्णन यांचीही चित्रे होती.

हे काम शोभेपुरते राहिले नाही. गुरूच्या उत्तर ध्रुवावर मधल्या चक्रीवादळाभोवती आठ आणि दक्षिण ध्रुवावर पाच वादळांचे कडे आहे, हे २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये छापल्या गेलेल्या निबंधाने दाखवले. त्याच्या लेखकांत आइखश्टेट आणि ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षक जॉन रॉजर्स यांची नावे आहेत.

कच्च्यापासून पक्क्यापर्यंत

कोणत्याही यानाचे चित्र तयार करताना टप्पे साधारण सारखेच असतात. पहिला टप्पा शुद्धीकरणाचा. अंधारातही संवेदक थोडा संकेत देतो. तो वजा करायचा. काही पिक्सेल जास्त संवेदनशील असतात, भिंगावर धुळीचे कण असतात, चित्राच्या कडा मंद येतात. हे सर्व दोष कॅमेऱ्याच्या चाचणी-चित्रांवरून भागाकार करून काढतात. विश्वकिरणांच्या आघाताने उमटलेले पांढरे ठिपके आणि प्रक्षेपणात गळालेल्या ओळी ओळखून बाजूला करायच्या.

दुसरा टप्पा रंगांचा. बहुतेक ग्रहयानांचे कॅमेरे करडेच चित्र काढतात. फक्त त्यांच्यासमोर वेगवेगळे फिल्टर येतात. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन चित्रे एकावर एक बसवली की रंगीत चित्र मिळते. तिन्ही चित्रांमधल्या वेळात यान आणि समोरचा ग्रह किंवा उपग्रह दोन्ही सरकलेले असतात, म्हणून एकेक चित्र ताणून, फिरवून जुळवावे लागते. तिसऱ्या टप्प्यात अनेक चित्रे जोडून मोठा पट तयार होतो आणि शेवटी उजळता व स्पष्टता नेमकी केली जाते. याची साधने बहुतांशी फुकट आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ग्रहचित्रांसाठी ‘आयसिस’ ही खुली प्रणाली तयार केली आहे. साध्या कामाला ‘गिम्प’ पुरते आणि ज्याला पायथन येते तो आपले नियम स्वतः लिहू शकतो.

रंग खरा कोणता?

या कामातला सर्वांत नाजूक प्रश्न रंगाचा आहे. डोळ्याला जसा दिसेल तसा ‘नैसर्गिक’ रंग दाखवणे ही एक रीत. रंगांमधला फरक मुद्दाम वाढवून दाखवणे ही दुसरी. दुसरी रीत खोटी नाही. चंद्र डोळ्यांना करडा दिसतो, पण रंगफरक वाढवला की प्रशांत सागर निळसर आणि प्रसन्न सागर तांबूस दिसू लागतो. हे दोन्ही ‘सागर’ म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याची मैदाने आहेत. लातूर-नांदेडच्या काळ्या पाषाणासारखाच तोही बेसाल्ट. निळसर भागात टायटॅनियम जास्त आहे, हे रंगावरून कळते. अट एकच: रंग वाढवला आहे हे चित्राखाली लिहिलेले हवे.

ती ओळ सुटली की काय होते, हे नेपच्यूनने दाखवले. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ने काढलेल्या चित्रांत ढग ठळक दिसावेत म्हणून निळा रंग गडद केला होता. मूळ मजकुरात तसे सांगितलेही होते, पण चित्र पुस्तकांत गेले आणि खुलासा मागे राहिला. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने २०२४ च्या जानेवारीत दाखवून दिले की नेपच्यूनही युरेनससारखाच फिकट हिरवट निळा आहे. मंगळावरच्या ‘चेहऱ्या’ची गोष्ट याच प्रकारची. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ ने टिपलेल्या टेकडीवर तिरपा प्रकाश होता आणि प्रक्षेपणातल्या चुकांमुळे काळे ठिपके पडले होते, त्यामुळे ती चेहऱ्यासारखी भासली. ‘नाकपुडी’ हा त्यातलाच एक ठिपका. मार्स ग्लोबल सर्व्हेयरने पुढे जास्त बारकाईने चित्र काढले, तेव्हा तिथे झिजलेली टेकडी निघाली.

भारतीय यानांची चित्रे

मंगळयान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाभोवती पोचले. त्याची कक्षा फार लांबट होती: जवळचे टोक सुमारे ४२० किलोमीटरवर, दूरचे सुमारे ७७ हजार किलोमीटरवर. दूरच्या टोकावरून संपूर्ण मंगळ एका चौकटीत मावे आणि ही सोय फारच थोड्या यानांना मिळालेली आहे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तयार केलेल्या रंगीत कॅमेऱ्याचा डेटा २०१६ मध्ये खुला झाला. त्यावर अमेरिकेतील भूविज्ञानाचे अभ्यासक जस्टिन कोवर्ट यांनी केलेली चित्रे विशेष गाजली. ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी आणि व्हॅलेस मरिनेरिस ही प्रचंड दरी त्यांत एका दृष्टिक्षेपात दिसतात.

चांद्रयान २ च्या विक्रम अवतरकाचा संपर्क ७ सप्टेंबर २०१९ रोजी तुटला. नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने त्या भागाची चित्रे काढून सर्वांसाठी प्रसिद्ध केली. चेन्नईतील अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी ती जुन्या चित्रांशी एकेक चौकोन करून ताडून पाहिली. एके ठिकाणी पूर्वी नसलेला उजळ ठिपका दिसला, तोही जेमतेम एका पिक्सेलचा. नासाच्या गटाने नंतरच्या महिन्यांत जास्त स्पष्ट चित्रे घेऊन खात्री केली आणि २ डिसेंबरला शोधाचे श्रेय सुब्रमण्यन यांना दिले. सापडलेला तुकडा मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येला होता.

चांद्रयान २ चा कक्षायान-भाग अजून काम करतो. त्याच्यावरचा उच्च विभेदनाचा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून सुमारे पाव मीटरचे तपशील टिपतो. १५ मार्च २०२४ रोजी यान सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर असताना काढलेल्या चित्रांत चांद्रयान ३ चा अवतरक, त्याचेही नाव विक्रम, आणि प्रज्ञान ही गाडी ओळखू आली. इस्रोच्या खुल्या डेटावरून हे दाखवणारा हौशी अभ्यासकच होता.

नांदेड-लातूरमधून

दूरच्या यानाच्या संग्रहावर मराठवाड्यात बसून काम होऊ शकते, हे इथल्या संशोधकांनी दाखवून दिलेले आहे. १९९९ पासून अवकाशात असलेल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटाही असाच खुला आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी तो वापरून कालेय तारकासमूहातील एनजीसी ६३३८ या दीर्घिकेवरचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या झोतांनी भोवतालच्या तप्त वायूत पाडलेल्या पोकळ्या त्यांनी शोधल्या. लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयाचा पत्ताही दीर्घिकासमूहांवरील अशा निबंधांवर दिसतो. पोकळ्या उघड करण्याची एक रीत म्हणजे चित्राची पुसट प्रत मूळ चित्रातून वजा करणे. हौशी मंडळी गुरूच्या ढगांचे काठ नेमके करतात ते याच रीतीने.

नवशिक्याने सुरुवात करावी ती ओळखीच्या जागेपासून. लँडसॅट आणि सेंटिनेल २ या उपग्रहांची पृथ्वीची चित्रे फुकट मिळतात. लँडसॅटचा एक पिक्सेल जमिनीवरच्या ३० मीटरचा, सेंटिनेलचा १० मीटरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या धरणाच्या जलाशयाची त्या एप्रिलमधली आणि एखाद्या चांगल्या पावसाळ्यानंतरची चित्रे शेजारी ठेवली की फिल्टरचे महत्त्व समजते. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या पट्ट्यात ते काळे दिसते आणि कोरडा गाळ उजळ. नांदेडच्या विष्णुपुरी बंधाऱ्यामागचे गोदावरीचे पाणीही असेच मोजता येते. निकाल बरोबर आला की नाही हे इथे प्रत्यक्ष जाऊन पाहता येते. मंगळावर ती सोय नाही. तीन पट्टे जुळवणे, रंग देणे आणि उजळता बसवणे इथे जमले की तोच हात चंद्राच्या आणि मंगळाच्या फायलींवर चालतो.

चित्र प्रसिद्ध करताना

नासाच्या बहुतेक चित्रांवर स्वामित्वहक्क नसतो. तरी मोहीम, कॅमेरा आणि संस्था यांचे श्रेय आधी आणि प्रक्रिया करणाऱ्याचे नाव नंतर देण्याची प्रथा आहे. युरोपीय संस्था आणि इस्रो यांच्या अटी वेगळ्या आहेत; त्या डेटाबरोबर दिलेल्या असतात आणि उतरवून घेण्याआधीच वाचाव्यात. चित्राखाली मूळ फाइलचा क्रमांक, चित्र घेतल्याची तारीख, वापरलेले फिल्टर, आणि रंग नैसर्गिक आहे की वाढवलेला, एवढे लिहिले की दुसरा कोणीही तीच फाइल घेऊन ते काम तपासू शकतो. संपादक आणि शास्त्रज्ञ हौशी माणसाचे चित्र स्वीकारतात ते अशा तपासाला उतरते म्हणून; कर्त्याच्या पदवीची किंवा गावाची चौकशी त्यात येत नाही.