भिंती आपल्या, भुई कुणाची?

"अगो, भिंती आपल्या, पण भुई परक्याची, हे विसरू नको हो!"

लग्न होऊन रत्नागिरीच्या या घरात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं. मी तेव्हा नवी नवरी. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी-पडवी, मागे न्हाणीघर, विहीर, दोन माड आणि एक रायवळ आंबा. एवढं ऐसपैस घर आपलं नाही, हे मला कुठून पटणार?

तसं ते आपलंच होतं. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर यायची. दर वर्षी मे महिन्यात कौलं आम्हीच परतायचो, वाळवी लागलेले वासे आम्हीच बदलायचो. पण घराखालची जमीन भाडेपट्ट्याची. आजेसासऱ्यांनी ती घेतली तेव्हा वर्षाचं भुईभाडं इतकं थोडं होतं, की भाजीच्या पैशातून बाजूला काढून सासूबाई ते नेऊन देत असत. जागामालक वाटेत भेटले की चहाला यायचे. सगळं घरच्यासारखं. त्यामुळे पट्ट्याची मुदत नावाची काही गोष्ट असते, याचा आम्हाला सोयीस्कर विसर पडला होता.

तीन वर्षांपूर्वी मालकांच्या पुढच्या पिढीचं पत्र आलं. मुदत संपली आहे, ती वाढवायची नाही, जागा विकायची आहे. वर्षभर वकिलांकडे हेलपाटे घातले. शेवटी तडजोड झाली. आम्हाला काही रक्कम मिळणार आणि पुढचा गणपती झाला की घर रिकामं करून द्यायचं.

हे ऐकून अमेरिकेतली भाची फोनवर म्हणाली, "मावशी, आमच्याकडेसुद्धा असंच असतं गं." तिकडे 'मोबाइल होम'च्या वसाहती असतात. घर विकत घेतलेलं, जागेचं मात्र दरमहा भाडं. घराला नावालाच चाकं. ते हलवायला इतका खर्च येतो, की जागा विकली गेली तर माणसं घरासकट अडकतात. न्यू हॅम्पशायर राज्यात मेरेडिथ इथल्या अशा एका वस्तीतल्या रहिवाशांनी मग १९८४ मध्ये सहकारी संस्था काढून खालची जमीनच विकत घेतली म्हणे. आम्ही एकटेच पडलो. संस्था कुणाबरोबर काढणार? आम्हाला फ्लॅट बघणं भाग होतं.

मैत्रिणींनो, फ्लॅट बघणं हे मुलगी बघण्यासारखंच असतं. प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. आमच्या 'ह्यां'ना बँक आणि डॉक्टर जवळ हवे, म्हणून मारुती मंदिरचा परिसर हवा. पुण्याचा मुलगा फोनवरून "लिफ्ट आणि पार्किंग बघा" म्हणून सांगत होता. सासूबाई शहाऐंशीच्या. त्यांचं एकच, "तुळशीला ऊन आणि आमसुलं वाळवायला जागा." आणि मला काळजी पाण्याची. जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलेलं, नळाच्या वेळेवर जगायची सवय नाही.

हिंडता हिंडता एकेक कळत गेलं. पत्त्यात 'रत्नागिरी' असलं म्हणून सगळं शहर एक नसतं. शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. नाचणे, कुवारबाव ही गावं शहराला चिकटलेली दिसली तरी तिथे ग्रामपंचायत, आणि पाण्याची व्यवस्था वेगळी. म्हणून बिल्डरला विचारण्यापेक्षा खालच्या मजल्यावरच्या एखाद्या वहिनींना विचारावं, "मे महिन्यात टँकर किती लागतात हो? आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे?" खरं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे फ्लॅट उन्हाळ्यात बघूच नये. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि येतो तो समुद्राकडून, वाऱ्यासकट. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना त्याचा मार सगळ्यात जास्त. मे महिन्यात नवा रंग मारलेली भिंत जुलैत कशी दिसते, ते बघायला हवं. आम्ही एका झडीच्या दिवशी मुद्दाम दोन फ्लॅट बघायला गेलो. एकाच्या बेडरूममध्ये कपाटामागे हात घातला तर बोटं ओली झाली. दुसऱ्याच्या गॅलरीचं लोखंड खाऱ्या हवेनं इतकं गंजलेलं, की नुसतं धरलं तर पापुद्रे हातात आले.

आणि मग 'तो' फ्लॅट सापडला. तिसरा मजला, लिफ्ट, मोठं स्वयंपाकघर, खिडकीतून थेट भाट्याची खाडी. हे तर खुर्ची घेऊन खिडकीशी बसूनच राहिले. मीसुद्धा मनातल्या मनात पडदे लावून टाकले. किंमत आमच्या आवाक्यातली. आवाक्यातली कशी, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

कागद मागितले तेव्हा तो पडला. इमारत बारा वर्षांची. सगळे फ्लॅट विकलेले, माणसं राहातायत. पण भोगवटा प्रमाणपत्र नाही. सोसायटी नोंदवलेली नाही, अपार्टमेंटचं घोषणापत्रही केलेलं नाही. मिळकत पत्रिकेवर अजून जमिनीच्या मूळ मालकाचंच नाव. दाखवायला आलेला मुलगा हसून म्हणाला, "काकू, इथे कुणाचंच झालेलं नाही. कुणाचं काही अडलंय का?"

घरी येऊन मी हे सांगत होते. सासूबाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "म्हणजे इथेही भुई परक्याचीच ना?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस आम्ही टाइल्स बघत होतो, ओटा बघत होतो. ज्या कारणासाठी घर सुटतंय, ते कारण मात्र नव्या घरात तपासायचं राहिलंच होतं!

वकिलांकडून समजून घेतलेलं इथे सोप्या शब्दांत सांगते. फ्लॅटखालची जमीन आपली होण्याच्या मुख्य वाटा दोन. एक, सोसायटी. तिच्यात बिल्डर किंवा जमीनमालक जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देतो, त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. आपण सभासद, आपल्याकडे भागपत्र. दुसरी वाट अपार्टमेंटची, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. तिच्यात घोषणापत्र नोंदवून प्रत्येकाला स्वतंत्र खरेदीखत मिळतं, आणि जमिनीत नि सामाईक जागेत आपला अविभक्त हिस्सा किती टक्के, हे त्यात लिहिलेलं असतं. पाटीवर 'अमुक अपार्टमेंट' लिहिलं म्हणून ते कायद्यानं अपार्टमेंट होत नाही. नोंदवलेलं घोषणापत्र बघायचं.

सोसायटी झाली आणि बिल्डर अभिहस्तांतरण करून देत नसेल, तरी हातपाय गाळायला नकोत. १९६३ च्या सदनिका कायद्यात २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण त्यासाठी सगळ्या रहिवाशांनी एकत्र यावं लागतं, आणि ते किती कठीण, हे तुम्ही जाणताच!

नवी इमारत घेत असाल तर महारेराची नोंदणी बघा. मे २०१७ पासून ती आली. त्यात कार्पेट क्षेत्रावर विक्री करावी लागते, करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. मात्र भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर ही नोंदणी सक्तीची नसते. आपल्याकडे अशा लहान इमारती पुष्कळ. तिथे जमिनीचा उतारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आपणच मागून घ्यायचं. आणि हो, गच्ची कुणाची तेही विचारा. आम्ही पाहिलेल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावाल्यांनी गच्चीला कुलूप घातलं होतं. मग पापड-कुरडया कुठे वाळवणार?

खाडीचा फ्लॅट आम्ही सोडला. ह्यांना फार वाईट वाटलं, मलाही. शेवटी आरोग्य मंदिर भागात पंधरा वर्षांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा घेतला. खिडकीतून समुद्र नाही, समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. पण वीज गेली तर सासूबाई जिना चढू शकतात, गच्ची सगळ्यांची आहे आणि अपार्टमेंटचं खरेदीखत नोंदवलेलं आहे.

खरेदी कुणाच्या नावावर करायची, यावर मात्र घरात थोडा वेळ शांतता होती. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही, अशी तेव्हाची अट २०२३ मध्ये काढून टाकली. हे वाचून ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग तुझ्याच नावावर करू." सवलतीसाठी का होईना, चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नावावर पहिल्यांदा काही झालं.

गणपती विसर्जन झाल्यावर आठवड्यात घर सोडलं. देव्हारा, पाटा-वरवंटा आणि कुंडीत लावलेली तुळस, एवढं तेवढं जुन्यातलं बरोबर आलं. नव्या घरी सासूबाईंनी खरेदीखत हातात घेतलं. लग्नानंतरची सगळी वर्षं त्यांनी ते घर सारवलं, झाडलं, पण एका कागदावरही त्यांचं नाव नव्हतं.

"नाव कुणाचं गो यावर?"

"माझं."

"आणि भुई?"

"तिच्यातही वाटा आहे आई. साडेचार टक्के."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मग गॅलरीतल्या कुंडीकडे बघत म्हणाल्या, "पुष्कळ झाली. तुळशीला पुरे."